ओल्या वाळूवरचे ऊन

समुद्राच्या कडेने दोघी जणी चालल्या आहेत. दोघींच्या अंगावर पायघोळ पांढरे कपडे. एकीच्या हातात छत्री, दुसरीच्या हातात टोपी. वारा चांगलाच सुटला असावा, कारण त्यांचे झिरझिरीत रुमाल त्याने उडवले आहेत आणि झग्यांचे घोळ फुगवले आहेत. पायांखाली वाळू, पाठीमागे निळे-जांभळे पाणी. चित्र एवढेच. त्यात काही घडत नाही, कोणी काही सांगत नाही. तरीही त्याच्यासमोर उभा राहिलेला माणूस नकळत डोळे किलकिले करतो. चार भिंतींच्या आत, दिव्यांच्या उजेडात उभे असताना त्याला ऊन लागल्यासारखे वाटते.

‘समुद्रकिनारी फेरफटका’ या नावाचे हे चित्र होआकीन सोरोया या स्पॅनिश चित्रकाराने १९०९ सालच्या उन्हाळ्यात व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्यावर रंगवले. लांबी-रुंदी प्रत्येकी सुमारे दोन मीटर. म्हणजे त्या दोघी जवळजवळ आपल्याएवढ्याच उंचीच्या दिसतात. थोरली ती त्याची पत्नी क्लोतिल्दे आणि धाकटी ती मुलगी मारिआ, तेव्हा एकोणीस वर्षांची. सुखवस्तू घरातल्या मायलेकींचे सुट्टीतले सुखी चित्र, असे म्हणून पुढे जाता येईल. पण ज्याने हे ऊन रंगवले त्याच्या आयुष्याची हकिगत ठाऊक झाली, की हेच चित्र जरा वेगळे दिसू लागते.

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हॅलेन्सिया शहरात २७ फेब्रुवारी १८६३ रोजी सोरोयाचा जन्म झाला. वडिलांचा कापडाचा व्यापार होता. १८६५ साली शहरात पटकीची साथ आली आणि त्या ऑगस्टमध्ये आई आणि वडील दोघेही काही दिवसांच्या अंतराने गेले. होआकीन अडीच वर्षांचा होता, बहीण कोंचा त्याहून लहान. दोन्ही मुलांना मावशीने, इसाबेलने, आपल्या घरी नेले. मावशीचे यजमान होझे पिकेरेस कुलुपे तयार करणारे कारागीर होते. पोराने आपला धंदा शिकावा ही त्यांची साधी, व्यवहारी इच्छा. होआकीन त्यांच्या कारखान्यात राबलाही. पण त्याचे लक्ष वह्यांच्या समासांत काढलेल्या चित्रांकडे अधिक असे. शेवटी कारागिरांच्या शाळेतील संध्याकाळच्या चित्रकलेच्या वर्गात त्याचे नाव घालण्यात आले आणि पुढे तो व्हॅलेन्सियाच्या सान कार्लोस कला अकादमीत दाखल झाला.

अठराव्या वर्षी, १८८१ मध्ये, त्याने माद्रिदच्या राष्ट्रीय प्रदर्शनात तीन चित्रे पाठवली. तिन्ही समुद्राची होती. त्यांची कोणी दखल घेतली नाही. ज्या समुद्राने पुढे त्याला जगभर नाव मिळवून दिले, त्या समुद्राने पहिल्या खेपेला त्याला रिकाम्या हातांनी परत पाठवले. त्या काळी मोठी चित्रकला म्हणजे इतिहास, युद्धे आणि हौतात्म्य. सोरोयानेही मग तोच मार्ग धरला. नेपोलियनच्या सैन्याविरुद्ध माद्रिदच्या जनतेने केलेल्या उठावाचे भव्य चित्र त्याने १८८४ साली प्रदर्शनात मांडले आणि दुसऱ्या दर्जाचे पदक मिळवले. असे सांगतात, की हे चित्र त्याने बंद खोलीत न रंगवता व्हॅलेन्सियाच्या बैलझुंजीच्या रिंगणात, उघड्यावर, धुराचे लोट उठवून रंगवले. विषय इतिहासाचा असला तरी उजेड खरा हवा, हा हट्ट तेव्हापासूनचा!

याच सुमारास शिष्यवृत्ती मिळून तो रोमला गेला. मधल्या काळात, १८८५ मध्ये, त्याने पॅरिस पाहिले. घराबाहेर, उघड्या हवेत बसून चित्रे काढणाऱ्या नव्या चित्रकारांची तिथे चर्चा होती. ज्याला मराठीत दृक्‌प्रत्ययवाद म्हणतात, त्या पंथाच्या मोने, रन्वार या मंडळींनी वस्तूपेक्षा वस्तूवर पडलेला प्रकाश रंगवण्याचे ठरवले होते. सोरोयाने त्यांचा गंडा बांधला नाही. आकाराची भक्कम रेखाटणी त्याने कधी सोडली नाही. पण दाराबाहेरचा उजेड त्याच्या मनात घर करून बसला.

१८८७ साली त्याने मोठ्या आशेने प्रदर्शनात पाठवलेले ख्रिस्ताच्या दफनविधीचे चित्र सपशेल पडले. पुढच्याच वर्षी त्याने क्लोतिल्दे गार्सिआ हिच्याशी लग्न केले. तिचे वडील आंतोनियो गार्सिआ हे व्हॅलेन्सियातील नावाजलेले छायाचित्रकार. विद्यार्थिदशेत सोरोयाने त्यांच्या स्टुडिओत काम केले होते आणि त्यांनीच या अनाथ, हुशार पोराच्या पाठीवर हात ठेवला होता. सोरोयाच्या चित्रांत माणसे कधी कडेला कापली जातात, कधी एखादे पाऊल चौकटीबाहेर जाऊ पाहते. ती नजर छायाचित्रांच्या सहवासात तयार झाली असे अभ्यासक मानतात. क्लोतिल्दे त्याची आयुष्यभराची मॉडेल तर झालीच, शिवाय घराचे आणि चित्रांचे हिशेबही तिनेच सांभाळले. नवरा परगावी असला की तो तिला जवळजवळ रोज पत्र लिही. ती शेकडो पत्रे आजही जपून ठेवलेली आहेत.

लग्नानंतर काही काळ इटलीत काढून हे जोडपे माद्रिदला स्थायिक झाले. मारिआ, होआकीन आणि एलेना ही तीन मुले झाली. पण दर उन्हाळ्यात सोरोयाची पावले व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्याकडे वळत. काबान्याल ही तिथली कोळ्यांची वस्ती. मासेमारीच्या होड्या परतल्या की त्यांना पाण्यातून वाळूवर ओढून आणण्यासाठी बैल जुंपत. बैल छातीभर पाण्यात, मागे वाऱ्याने फुगलेले प्रचंड शीड, आणि या साऱ्यावर तिरपे ऊन. हे दृश्य सोरोयाने १८९४ साली चार मीटर रुंदीच्या कॅनव्हासवर उतरवले. पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले आणि फ्रेंच सरकारने ते चित्र विकत घेतले. तेरा वर्षांपूर्वी नाकारला गेलेला समुद्र अखेर पावला.

व्हॅलेन्सियाचा किनारा पूर्वाभिमुख आहे. सकाळी सूर्य समुद्रातून वर येतो. किनाऱ्यावर उभे राहून पाण्याकडे पाहणाऱ्याला माणसे, होड्या, शिडे पाठमोऱ्या उजेडात दिसतात, कडांना सोनेरी रेघ आणि मध्ये गडद छाया. दुपार कलली की सूर्य गावाच्या बाजूला जातो आणि त्याची उन्हे पाहणाऱ्याच्या पाठीमागून समुद्रावर पडतात. मग ओले अंग, पांढरे कापड, फेस, सारेच पेटल्यासारखे उजळते. हा खेळ तास-दीड तास टिकतो. सोरोयाला हवा असायचा तो नेमका हा वेळ.

त्यासाठी तो लवाजमा घेऊन किनाऱ्यावर जाई. त्या काळची छायाचित्रे उपलब्ध आहेत. डोक्यावर टोपी, अंगात कोट अशा पोशाखात सोरोया वाळूत उभा आहे. वाऱ्याने कॅनव्हास उडू नये म्हणून भोवती कापडाचे आडोसे आणि दोर लावले आहेत. लांब दांड्याचा कुंचला घेऊन तो झपाट्याने काम करी, कारण उजेड कोणासाठी खोळंबत नाही. पोरे पाण्यातून बाहेर आली की त्यांच्या पाठीवरची चकाकी पाणी ओघळेपर्यंतच राहायची. लाट फुटायला आणि विरायला किती वेळ लागतो? तेवढ्यात डोळ्याने पकडायचे आणि हाताने मांडायचे. काही चित्रांच्या रंगात आजही वाळूचे कण अडकलेले सापडतात. वारा सुटला होता, रंग ओला होता, आणि पुसत बसायला सवड नव्हती.

एवढे वाचून वाटेल, की हा माणूस दुःखाकडे पाठ करून बसला होता. १८९९ साली त्याने रंगवलेले ‘दुःखद वारसा’ हे चित्र पाहिले की तो समज दूर होतो. एके दिवशी किनाऱ्यावर काम करीत असताना त्याला दूरवर उघड्या अंगाची मुले दिसली. सान हुआन दे दिओस या धर्मसंस्थेच्या रुग्णालयातील ती मुले होती. पाय लुळे पडलेली, कुबड्यांवर चालणारी, काही अंध. काळ्या झग्यातला एक धर्मगुरू त्यांना समुद्रस्नानासाठी घेऊन आला होता. सोरोयाने परवानगी मिळवली आणि तो प्रसंग मोठ्या कॅनव्हासवर उतरवला. असे व्यंग म्हणजे आईबापांच्या दुर्वर्तनाचे फळ, अशी त्या काळी समजूत होती; चित्राचे नाव त्यावरून आले. त्यातली बरीच मुले पोलिओची बळी असावीत, असे आज मानले जाते. १९००च्या पॅरिस महाप्रदर्शनात या चित्राला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. समुद्र तोच, ऊन तेच, उघडी पोरेही तशीच. फक्त त्यांना धावता येत नव्हते.

एवढे यश मिळूनही सोरोयाने असा विषय पुन्हा घेतला नाही. दहा वर्षांनी त्याच किनाऱ्यावर त्याने रंगवलेली ‘किनाऱ्यावरील मुले’ माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. तीन नागडी पोरे उथळ पाण्यात पालथी पडली आहेत. ओली वाळू आरशासारखी झाली असून तिच्यात त्यांची तपकिरी-जांभळी प्रतिबिंबे हलत आहेत. १९०८ मधल्या ‘किनाऱ्यावर धावताना’ या चित्रात दोन मुली पाण्याच्या कडेने पळत आहेत आणि एक उघडा मुलगा त्यांच्यामागे लागला आहे. झगे मागे फुगले आहेत, पाय जमिनीला जेमतेम टेकत आहेत. ‘दुःखद वारसा’ पाहिल्यानंतर या धावणाऱ्या पायांकडे पाहावे. धावता येणे ही गोष्ट किती मोठी आहे हे ज्याने जवळून पाहिले होते, त्यानेच ते पाय रंगवले आहेत.

आणि ते दुःख त्याच्या घरापर्यंतही येऊन गेले होते. १९०६ मध्ये पॅरिसच्या जॉर्ज पेती यांच्या दालनात त्याच्या सुमारे पाचशे चित्रांचे प्रदर्शन भरले आणि गाजले. त्याच वर्षाच्या अखेरीस मारिआला क्षय झाल्याचे निदान झाले. प्रतिजैविके यायला तेव्हा अजून चार दशके होती. मोकळी हवा, विश्रांती आणि ऊन हाच काय तो उपचार. सोरोया कुटुंबासह माद्रिदजवळच्या एल पार्दो येथे जाऊन राहिला. लेकीची शुश्रूषा करता करता तिथेही त्याने चित्रे काढली. त्यांत पांघरुणात गुंडाळून उन्हात बसलेली, नुकतीच सावरू लागलेली मारिआही आहे. साथीत आईबाप गमावलेल्या माणसाने ते महिने कसे काढले असतील? १९०७ मध्ये ती हळूहळू बरी झाली.

म्हणजे आपण सुरुवातीला पाहिलेल्या चित्रातली ही धाकटी दोन वर्षांपूर्वी मरणाच्या दारातून परत आलेली आहे. ती वाऱ्यात चालते आहे, आणि बाप तिच्याकडे पाहत घाईघाईने रंग लावतो आहे.

आता पुन्हा त्या चित्राकडे वळू. त्यात आकाश नाही, क्षितिजही नाही. वरपर्यंत पाणीच आहे, आडव्या, जाड, तुटक फटकाऱ्यांनी रंगवलेले. त्यामुळे नजरेला दूर कुठे जाऊन टेकायला जागा उरत नाही. ती लाटांबरोबर आडवी सरकत राहते आणि त्या दोघीही सरकत आहेत असे वाटू लागते. कापडाच्या कडा कुठे ठळक आहेत, कुठे पार विरल्या आहेत. जिथे विरल्या, तिथे वारा आहे. चित्रकाराने वारा काढलेला नाही, तो काढता येतही नाही. त्याने फक्त कड सोडून दिली.

आणि पांढरा रंग? कपडे पांढरे आहेत असे आपण खुशाल म्हणतो, पण निव्वळ पांढरा त्यात फारच थोडा आहे. ऊन थेट पडते तिथे तो पिवळसर, सायीसारखा होतो. ज्या घड्यांवर ऊन पोहोचत नाही, त्यांच्यावर आकाशाची निळाई उतरते, म्हणून तिथे तो निळा-जांभळा. खालच्या घेरावर वाळूचा तापलेला उजेड परततो, म्हणून तिथे किंचित गुलाबी. सावली म्हणजे काळोख ही समजूत सोरोयाने कधीच मोडीत काढली होती. त्याच्या सावलीतही रंग असतो, आणि त्या थंड रंगामुळेच शेजारचे ऊन इतके तापते.

१९०९च्या आरंभी, हे चित्र काढण्यापूर्वी काही महिने, सोरोया न्यूयॉर्कला जाऊन आला होता. आर्चर हंटिंग्टन या धनवान स्पेनप्रेमी अमेरिकनाने स्थापन केलेल्या हिस्पॅनिक सोसायटीत त्याच्या साडेतीनशेहून अधिक चित्रांचे प्रदर्शन ४ फेब्रुवारी ते ८ मार्च या काळात भरले. ऐन थंडीत सुमारे १ लाख ६० हजार लोक ते पाहून गेले. अवघ्या अकरा वर्षांपूर्वी, १८९८ मध्ये, अमेरिकेने स्पेनचा युद्धात पराभव करून त्याच्या उरल्यासुरल्या वसाहती हिसकावल्या होत्या. त्याच अमेरिकेत लोक स्पेनचे ऊन पाहायला रांगा लावत होते! अध्यक्ष टाफ्ट यांनीही आपले व्यक्तिचित्र त्याच्याकडून करून घेतले.

मायदेशी मात्र सारेच खूष नव्हते. पराभवाने खचलेल्या स्पेनमधल्या विचारवंतांना देशाचे दारिद्र्य आणि अंधार दाखवणारी कला हवी होती. सोरोयाची उन्हात न्हाणारी पोरे त्यांना उथळ वाटली. हा आक्षेप पुढे बरीच वर्षे त्याच्या नावाला चिकटून राहिला.

या यशातूनच त्याच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम आले, आणि सर्वांत मोठे ओझेही. १९११च्या नोव्हेंबरमध्ये हंटिंग्टन यांनी आपल्या सोसायटीच्या दालनासाठी स्पेनच्या प्रांतोप्रांतीचे जीवन दाखवणारी भित्तिचित्रे त्याच्याकडे सोपवली. चौदा अजस्र चित्रे. उंची सुमारे साडेतीन मीटर आणि एकत्रित लांबी सत्तर मीटरच्या आसपास. मोबदला दीड लाख डॉलर. सोरोया तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. इथेही त्याने आपली रीत सोडली नाही. गावोगाव फिरायचे, तिथल्या माणसांना तिथल्याच कपड्यांत उभे करायचे आणि उघड्यावर रंगवायचे. थंडी, पाऊस, प्रवास, घरापासून दुरावा, असे तब्बल आठ वर्षे चालले. घरी लिहिलेल्या पत्रांतून थकवा डोकावू लागला.

मधेच सवड मिळाली की तो आपल्या किनाऱ्याकडे धाव घेई. १९१६च्या उन्हाळ्यात व्हॅलेन्सियाला त्याने ‘गुलाबी झगा’ रंगवले. समुद्रस्नान करून आलेली एक तरुणी बोरूच्या झोपडीत कपडे बदलते आहे, दुसरी तिला मदत करते आहे. बाहेरचे ऊन बोरूंच्या फटींतून आत शिरले आहे आणि त्याचे पट्टे ओल्या गुलाबी कापडावर पडले आहेत. समुद्राची नुसती चाहूल लागते, पण सारे चित्र त्याच्या उजेडाने भरलेले आहे. भित्तिचित्रांच्या वेठीतून सुटलेला हात किती मोकळा झाला होता, ते इथे कळते.

अखेरचे भित्तिचित्र आयामोन्ते या दक्षिणेकडील बंदरात १९१९ मध्ये पुरे झाले. विषय होता ट्युना माशांची विक्री. म्हणजे शेवट पुन्हा कोळी, मासे आणि पाणी यांच्यापाशीच झाला. सोरोया सुटला, पण फार उशीर झाला होता. वर्षभराने, १७ जून १९२० रोजी, माद्रिदच्या आपल्या घराच्या बागेत तो एका लेखकमित्राच्या पत्नीचे चित्र रंगवीत असताना त्याला अर्धांगवायूचा झटका आला. ते चित्र अपुरेच राहिले. उजेडाच्या मागे आयुष्यभर धावलेला हात थांबला. पुढची तीन वर्षे त्याने कुंचल्याविना काढली आणि १० ऑगस्ट १९२३ रोजी माद्रिदजवळच्या सेर्सेदिया गावी त्याचे निधन झाले. न्यूयॉर्कमधले त्याचे दालन १९२६ मध्ये खुले झाले, तेव्हा ते पाहायला तो नव्हता.

क्लोतिल्दे त्याच्यामागे सुमारे साडेपाच वर्षे जगली. घर, बाग आणि जपून ठेवलेली आपली चित्रे तिने मृत्युपत्राने स्पेनच्या स्वाधीन केली. १९३२ मध्ये त्या घराचे संग्रहालय झाले. जगाची आवड तोवर पिकासोकडे वळली होती आणि सोरोया ‘नुसता गोड’ चित्रकार म्हणून मागे पडला होता. पण लोकांनी त्याला सोडले नाही. २००९ मध्ये प्रादोने आणि २०१९ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने त्याची मोठी प्रदर्शने भरवली.

त्याच्या एखाद्या समुद्रचित्राची छापील प्रत हाती आली, तर घरातल्या मुलांना जवळ बोलवावे आणि एक गंमत करावी. अंगठ्याने त्यातली निळी-जांभळी सावली झाकावी. शेजारचे ऊन लगेच मंद होते. अंगठा उचलावा, ऊन परत येते. सोरोयाचे सारे रहस्य या दोहोंच्या शेजारात आहे. ते त्याला रंगपाटीवर सापडले की मावशीच्या घरी, एल पार्दोच्या त्या महिन्यांत, की कुबड्या टेकत पाण्याकडे निघालेल्या मुलांकडे पाहताना, हे आता कोण सांगणार! मुलांना विचारावे, की वारा कुठून येतो आहे आणि दिवसाची कोणती वेळ आहे. ती अचूक सांगतील.